खोली काढून घेण्याआधी बाजू तरी ऐका

काही जणांचं म्हणणं आहे की वसतिगृहात मुलांनी कुठलाही नियम मोडला की त्यांना थेट खोली खाली करायला लावावी. मला हे अजिबात पटत नाही. सगळे नियम एका माळेचे मणी नाहीत. रात्री उशिरा मोठ्याने गाणी लावली तर शेजाऱ्याची झोपमोड होते. पण छतावरच्या स्मोक डिटेक्टरला (धूर जाणवताच अलार्म वाजवणाऱ्या यंत्राला) प्लास्टिकची पिशवी बांधली आणि आग लागली, तर अख्खा मजला झोपेतच गुदमरू शकतो. जिन्याचं फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारं दार, खुर्ची लावून उघडं ठेवणंही तसंच. धूर सरळ जिन्यात शिरतो आणि बाहेर पडायची वाटच बंद होते. इथे कडक कारवाई हवीच.

पण तीही रीतसर व्हावी. आरोप लेखी द्या, मुलांना बाजू मांडू द्या. ज्या वॉर्डननी तक्रार केली त्यांनीच निकाल देऊ नये, आणि अपिलाची सोय हवी. ऐन परीक्षेत खोली गेली तर वर्ष वाया जाऊ शकतं (लांबून आलेल्यांचे हाल विचारूच नका).

आणि गुन्हेगार सापडला नाही म्हणून सगळ्या मजल्याला सामूहिक दंड, हा प्रकार बंदच व्हायला हवा. ज्यांनी काही केलंच नाही त्यांनी तो का भरायचा?