अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स: मास्टर्स असूनही डिग्री चालत नाही म्हणतात, मदत हवी आहे

टेक्ससकर: मास्टर्स इथलंच, नोकरी चालू. लायसन्सचं बघायला गेलो तर म्हणे डिग्रीला नॅबची (आर्किटेक्चरच्या डिग्र्यांना मान्यता देणारं इथलं मंडळ) मान्यता नाही. विद्यापीठाच्या साइटवर नॅबचं नाव ढळढळीत आहे! लवकर सांगा, काय करू?

वाळू_सिमेंट: राज्य? बी.आर्क. कुठलं? मास्टर्स म्हणजे एम.आर्क. की एम.एस.?

टेक्ससकर: राज्य आयडीत आहे. एम.एस. त्याने काय फरक पडतो? एम.आर्क.वाले आमच्याच स्टुडिओत बसायचे.

वाळू_सिमेंट: तिथेच गोम आहे. नॅब विद्यापीठाला मान्यता देत नाही, एकेका अभ्यासक्रमाला देते. तीही फक्त बी.आर्क., एम.आर्क., डी.आर्क.ला. एम.एस. विसरा. भारतातली बी.आर्क. ईसाकडून (परदेशी डिग्री इथल्या डिग्रीशी ताडून बघणारी सेवा) तपासून घ्या, टेक्ससच्या बोर्डाला ते चालतं. माझं डिझाइन, स्ट्रक्चर सगळं धरलं, कमी पडलं ते जनरल एज्युकेशन, म्हणजे आर्किटेक्चरबाहेरचे सामान्य विषय. कम्युनिटी कॉलेजात विषय घेऊन भरून काढलं.

पॅसिफिक_काका: कशाला हा द्राविडी प्राणायाम? कॅलिफोर्नियात या. नॅबच्या डिग्रीची सक्तीच नाही, अनुभव धरतात.

घाटावरची: काका, लायसन्ससाठी कोणी बिऱ्हाड हलवतं का? आणि तुमच्याकडे राज्याची वेगळी परीक्षा असते, तेही सांगा की. पुढे दुसऱ्या राज्यात जायचं म्हटलं की डिग्रीचा प्रश्न पुन्हा दारात.

पॅसिफिक_काका: जायचंच कशाला? हवा बघा इथली.

नाना_कोल्हापूरकर: आपल्याकडे बरं. पाच वर्षांची बी.आर्क. झाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी, परीक्षा नाही. कौन्सिल मोठी की तंत्रशिक्षणवाली एआयसीटीई, हा वाद आमच्या कोल्हापूरच्याच कॉलेजाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टात गेला. 2019 ला कौन्सिल जिंकली.

घाटावरची: आणि 2020 ला त्याच कोर्टाने सांगितलं, 1972 चा कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखतो, इतरांना काम करायला बंदी करत नाही. कसलं जिंकणं, नाना?

सावली२२: भाचीने नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) दिली आहे. मुंबईत कुठलं कॉलेज चांगलं?

वाळू_सिमेंट: ताई, वेगळा धागा काढा. टेक्ससकर, एएक्सपीचे, म्हणजे लायसन्ससाठी लागणाऱ्या कामाच्या अनुभवाचे 3,740 तास नोंदवताय ना? ईसाच्या अहवालासाठी ते थांबवू नका.

टेक्ससकर: तास चालू आहेत. पण ईसाला ट्रान्सक्रिप्ट थेट भारतातल्या विद्यापीठातून जायला हवं, आणि ते मेलला उत्तरच देत नाहीत. कोणी प्रत्यक्ष जाऊन विचारेल का?

नाना_कोल्हापूरकर: जातो की. पण कुठल्या विद्यापीठात? वाळू_सिमेंटनी पहिल्यांदाच विचारलं होतं, अजून सांगितलं नाहीत.