एमबीबीएसबरोबरच व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का?

समीर, कळवा
मी ठाण्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मामांचे वाशीला पंधरा खाटांचे नर्सिंग होम असून पुढे ते मीच सांभाळावे, अशी घरच्यांची अपेक्षा आहे. मामांचे म्हणणे असे की, अमेरिकेत विद्यार्थी एमडी (तिकडची डॉक्टरकीची पहिली पदवी) आणि एमबीए एकत्र करतात, तर मीही शिकतानाच व्यवस्थापनाची पदवी पदरात पाडून घ्यावी. हे शक्य आहे का, आणि शक्य असल्यास शहाणपणाचे आहे का?

वाशीचे सर्जन
समीर, एमबीएच्या प्रवेशासाठी आधी पदवी लागते, आणि एमबीबीएसची पदवी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची इंटर्नशिप संपल्याखेरीज हाती येत नाही. अमेरिकेतील विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात येतो तोच मुळी पदवीधर होऊन, त्यामुळे तेथील उदाहरण येथे चालत नाही. राहता राहिली बीबीए किंवा बीकॉम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली खरी. परंतु थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी सांभाळताना तुमच्याकडे दुसऱ्या महाविद्यालयासाठी वेळ उरणार नाही, म्हणजे दूरशिक्षणच घ्यावे लागेल.

माझे मत विचाराल तर तेही नको. सुरुवातीच्या काळात मी अपेंडिक्सच्या एका रुग्णाचा डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिला आणि तो घरी गेला सायंकाळी साडेसहाला, कारण विम्याच्या कॅशलेस बिलाच्या मंजुरीसाठी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून) एकामागून एक क्वेरी येत राहिल्या: आधी ऑपरेशन नोट्सवर वेळ नाही, मग सोनोग्राफीच्या रिपोर्टची प्रत जोडलेली नाही. खाट अडकली, नवा रुग्ण दुसरीकडे पाठवावा लागला आणि नातेवाइकांची बोलणी रिसेप्शनवरच्या मुलीने खाल्ली. नोट्सवर वेळ घालायला मीच विसरलो होतो. यात व्यवस्थापन पुष्कळ होते, पण ते केसपेपरवर होते.

मोठ्या रुग्णालयाच्या प्रशासनात जायचे असेल, तर पदवीनंतर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा जरूर विचार करावा. पंधरा खाटांसाठी मात्र तो आवश्यक नाही.

नेरूळची इंटर्न
सरांशी मी पूर्ण सहमत नाही. मी दूरशिक्षणाने बीकॉमला नाव घातले होते. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा नेमक्या फार्माकोलॉजी आणि पॅथॉलॉजीच्या तयारीत आल्या, तेव्हा ते सोडले. पदवी मिळाली नाही, पण ताळेबंद वाचता येऊ लागला आणि घसारा म्हणजे काय (वापराने यंत्राची किंमत वर्षागणिक घटते, तो खर्च) ते कळले. सोनोग्राफी मशीनचा हप्ता भरला म्हणजे मशीनचा खर्च संपला, असे मानणारे डॉक्टर मी पाहिले आहेत (माझे वडील त्यांपैकीच एक). हिशेब मात्र शिकावाच. त्याला पदवीच हवी असे नाही.

समीर, कळवा
दोघांचेही आभार. मग आतापासून नेमके काय करू?

वाशीचे सर्जन
ताईंचा हिशेबाचा मुद्दा मला मान्य आहे. तो मामांच्या सीएंकडून शिकून घ्या. पुढच्या सुट्टीत पंधरा दिवस मामांच्या बिलिंग काउंटरवर बसा, आणि प्रत्येक रुग्णाचा डिस्चार्ज किती वाजता लिहिला व तो प्रत्यक्षात किती वाजता बाहेर पडला, या दोन वेळा वहीत टिपून ठेवा. ती वही मामांना दाखवाल, तेव्हा मीही तेथे असावे अशी इच्छा आहे.