मदत हवी आहे: ट्रेडमिलवर पळायला सुरुवात किती स्पीडने करू? दोन मशीनवर दोन तऱ्हा होताहेत

नमस्कार मंडळी,

वय 44, उंची पाच फूट, इंदिरानगरला राहते. गेलं वर्षभर पहाटे जॉगिंग ट्रॅकवर चालतेय, पाऊण तास सहज होतो. यंदा मनावर घेतलंय की थंडी पडेपर्यंत न थांबता 5 किमी पळायचं. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. बीपी, शुगर, ईसीजी सगळं ठीक आहे, "पळा, पण हळूहळू वाढवा" म्हणाले.

पावसामुळे ट्रॅकवर चिखल झालाय, म्हणून ट्रेडमिल. जूनमध्ये कॉलेज रोडला एका जिममध्ये महिनाभर गेले. तिथे 4.5 ला निवांत चालायचे, 6 ला भरभर. तिथल्या ट्रेनरने सांगितलं होतं की 7 च्या आसपास जॉगिंग सुरू होतं. पण रोज जाऊन-येऊन तास मोडायचा, त्यामुळे आता आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या ट्रेडमिलवर जाते. मशीन जुनं आहे, पट्टा गुळगुळीत झालाय, पण चालतं व्यवस्थित.

अडचण इथेच आहे. या मशीनवर 4.5 ला मला चालताच येत नाही, पाय आपोआप पळायला लागतात. 6 ला तर एका मिनिटात धाप लागते, छातीत धडधडतं, दांडी धरावी लागते. गेल्या मंगळवारी घाबरून मशीन झटकन बंद करायची लाल क्लिपच ओढली. त्या दिवसापासून मनात भीती बसली आहे. महिन्याभरात माझा दम एवढा कमी झाला का? घरी सांगितलं तर "सोडून दे ते पळणं" एवढंच ऐकायला मिळेल, म्हणून इथे विचारतेय.

1. सुरुवातीला चालायला किती आणि पळायला किती स्पीड ठेवू?
2. चढ 1 वर ठेवायचा असं ऐकलंय. ठेवू का?
3. दांडी धरली तर चालेल का?
4. दुसऱ्या दिवशी नडग्या दुखतात, ते सोसून पळायचं का?

गोदाकाठ:
ताई, आधी घाबरणं थांबवा. मला वाटतं तुमचा दम तेवढाच आहे, मशीन वेगळं मोजतंय. बरीच ट्रेडमिल ताशी मैलात आकडा दाखवतात. एक मैल म्हणजे साधारण 1.6 किमी. तुमचं 4.5 मैलाचं असेल तर ते 7.2 किमी झालं. माणूस चालणं सोडून पळायला लागतो तो वेग बहुतेकांचा ताशी 7 किमीच्या आसपास असतो, उंची कमी असेल तर थोडा आधीच. म्हणजे तुमचे पाय बरोबर सांगत होते. आणि 6 म्हणजे झाले 9.6 किमी! इतक्या वेगाला नवख्या माणसाला धाप लागणारच.

पण अंदाजावर जाऊ नका, मोजून बघा. प्लग काढून पट्ट्याच्या कडेला खडूने खूण करा, पट्टा हाताने फिरवत टेपने पूर्ण लांबी मोजा. मग मशीन रिकामं 4.5 वर लावा, बाजूला उभं राहून खूण 20 वेळा येईपर्यंत मोबाईलवर वेळ घ्या. हात पट्ट्याजवळ नेऊ नका. लांबी गुणिले 20, भागिले सेकंद, गुणिले 3.6 केलं की ताशी किमी मिळतात.

पहाटवारा:
चढ शून्यच ठेवा. 1 टक्का चढ सांगतात तो बाहेर पळताना वाऱ्याचा जो विरोध होतो त्याच्या भरपाईसाठी, आणि तो जोरात पळणाऱ्यांना जाणवतो. ताशी 7-8 ला त्याचा काही उपयोग नाही, पोटऱ्यांवर ताण मात्र येतो.

दांडी धरू नका. धरली की अंगाचं वजन हातावर जातं, आकडा तोच राहतो पण मेहनत कमी होते. दांडी सोडून जमत नसेल तर स्पीड जास्त आहे असं समजा. क्लिप मात्र रोज कपड्याला लावा.

नडग्यांचं दुखणं अंगावर काढू नका. एक दिवसाआड पळा, पावलं लहान आणि भरभर टाका. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी दुखत असेल किंवा चालतानाही दुखत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच.

स्पीडचं म्हणाल तर 5 मिनिटं ताशी 5 किमीने चाला. मग 60 सेकंद 7 ने पळा, 90 सेकंद 5 ने चाला, असं 20 मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. 1996 मध्ये जॉश क्लार्क यांनी नवख्यांसाठी 'काउच टू 5के' हे 5 किमी पळण्याच्या सरावाचं वेळापत्रक आखलं, त्याचा पहिला आठवडा असाच आहे. पळताना रामरक्षेच्या दोन ओळी मोठ्याने म्हणून बघा. म्हणता आल्या तर वेग बरोबर. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग ताशी अर्ध्या किमीने कमी करा. 7 जड वाटलं तर 6.5 ला हळू पळणंही पळणंच आहे.

आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 किमी 33 मिनिटांच्या आसपास पळून कांस्य आणलं, म्हणजे ताशी 18 किमी. बऱ्याच सोसायट्यांच्या मशीनवर तेवढा आकडा येतही नाही. तेव्हा आकड्याचं ओझं घेऊ नका.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आज मुलाला घेऊन मोजलं. पट्टा 2.80 मीटर. 4.5 वर 20 फेऱ्यांना 28 सेकंद लागले, दोनदा मोजलं. म्हणजे ताशी 7.2 किमी. मैलच निघाले! आठ दिवस उगाच हृदयाची काळजी करत होते.

लगेच चढले. चालायला 3.1, पळायला 4.3. आठ वेळा एकेक मिनिट पळाले आणि रामरक्षेच्या दोन ओळी प्रत्येक वेळी पूर्ण म्हणता आल्या. शेवटच्या दोन वेळा आवाज फाटला, पण ओळ तुटली नाही. दांडीला हात लावला नाही.

मशीनवर कागद चिकटवला आहे: "आकडे मैलात आहेत. 3 म्हणजे 4.8 किमी, 4 म्हणजे 6.4, 5 म्हणजे 8." मी चिकटवत असतानाच वरच्या मजल्यावरचे काका आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना ताशी 4 ने चालायला सांगितलंय, आणि महिनाभर या मशीनवर 4 जमत नाही म्हणून त्यांनी येणंच सोडलं होतं. त्यांना 2.5 लावून दिलं. दहा मिनिटं चालले.