मदत हवी आहे: राग ‘पाहणे’ आणि राग गिळणे, फरक कसा ओळखायचा?

आठ महिने रोज सकाळी वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसतो. बसलो की छान शांत वाटतं. पण दुपारी कुणी तिरकस बोललं की कान तापतात, जबडा आवळला जातो. तेव्हा ‘साक्षीभावाने पाहा’ (म्हणजे रागात न गुंतता तटस्थपणे बघा) म्हणून गप्प राहतो. राग गेला असं वाटतं, आणि रात्री अडीचला तेच वाक्य डोक्यात गरगरत असतं. म्हणजे पाहिला कुठे, दाबलाच की!

नामस्मरण करून पाहिलं, पण तेव्हा ते नुसतं लक्ष वळवणं होतं. रोजनिशीने थोडा फरक पडला. योगसूत्रांतलं प्रतिपक्षभावन (2.33), म्हणजे उलट विचार मनात आणणं, मला तरी ऐन रागात जमत नाही. त्यातच (2.42) संतोषातून सर्वोत्तम सुख मिळतं असं म्हटलंय, माझा संतोष मात्र आसनावरून उठेपर्यंतच टिकतो.

झोप एरवी ठीक आहे, औषधं चालू नाहीत, समुपदेशकाकडे जायलाही ना नाही. ध्यानाच्या शिबिरासाठी सलग दहा दिवस मात्र निघणार नाहीत. ‘सोडून द्या’ हा सल्ला कृपया नको, तोच तर जमत नाहीये.

ज्यांना हे साधलंय त्यांनी सांगा: जबडा आवळल्याच्या त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करता? आणि राग विरला की नुसता आत गेला, हे कशावरून कळतं?