गच्ची मालकाची, बिल माझं. स्लॅबवरच्या पेंटचा खर्च कुणी करायचा?

जळगावचा_भाडेकरू: मे महिना, वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. दिवसभर ४५ डिग्री ऊन पिऊन बसतो आणि रात्रभर आमच्यावरच सोडतो, बारा वाजता भिंतीला हात लावा, चटका बसतो. दीड टनाचा एसी, कॉम्प्रेसर बंद म्हणून होत नाही, तासाला दीडेक युनिट धरा आणि हिशोब तुम्हीच करा. घरमालकांना म्हटलं हीट रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे ऊन परतवणारा पेंट मारून घ्या, तर म्हणे गरम तुम्हाला होतं, तुम्ही मारा. माझं मत स्पष्ट आहे, खर्च मालकाचा.

बापू_भुसावळ: मी घरमालक, मला शिव्या द्या. अरे भो, हजार फूट गच्ची धुवून, भेगा भरून, प्रायमर मारून दोन हात कोटिंग म्हणजे काय खर्च येतो माहितीये का? त्यावर धूळ बसली की चमक गेली. आणि भाडं पाचशेनं वाढवलं की तुम्हीच खोली सोडणार.

धुळ्याची_ताई: एवढं भांडण कशाला, चुन्यात फेव्हिकॉल कालवून मारा की. आमच्याकडे दरवर्षी होळीनंतर मारतो, खोली लगेच फ्रीज होत नाही पण रात्री पंख्याखाली झोप तरी लागते. पहिल्या पावसात निम्मा धुवून जातो हे खरं. आणि सासूबाई रोज ओरडतात, कुरडयांना चुना लागला म्हणून.

बापू_भुसावळ: पश्चिमेच्या भिंतीचं काय? चार वाजता तीच भट्टी होते.

धुळ्याची_ताई: तिला ग्रीन नेट, भिंतीपासून हातभर लांब.

धाब्याचं_घर: आजोबांच्या धाब्याच्या घरात दोन फूट मातीच्या भिंती, सऱ्यांवर माती, भर दुपारी गारवा. कुणी पेंट विकायला आलं नव्हतं.

बापू_भुसावळ: पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायला कोण चढायचं? आणि आता राहता कुठे?

धाब्याचं_घर: पिंपरी-चिंचवड 🙂

युनिट_मोजणारा: मूळ मुद्दा सगळेच सोडताय. पीएम सूर्यघर या घरावरच्या सोलरच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, पण गच्ची पांढरी करायला सरकार काय देतं? तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं, मग खान्देशात नको का? आणि तोवर एसी १८ वर लावून रडू नका, २४ वर ठेवा, एका डिग्रीला साधारण ६ टक्के वीज वाचते.

जळगावचा_भाडेकरू: २४ वरच आहे हो साहेब, स्लॅबला कोण सांगणार. सोलर पण मालकाच्याच गच्चीवर लागतं ना.

कूलरवाला_चोपडा: एसी कशाला पाहिजे? आपली कोरडी हवा, कूलर मस्त चालतो, दोनशे वॅटमध्ये काम.

धुळ्याची_ताई: भाऊ, नळ दोन दिवसाआड येतो, कूलरला पाजू की पोरांना?

जळगावचा_भाडेकरू: अपडेट. चुना-फेव्हिकॉल माझं, मजुरी मालकांची असं ठरलं. फक्त ते म्हणतात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माणूस मोकळा आहे.

बापू_भुसावळ: तेव्हा छत्री घेऊन मारा.