मदत हवी आहे: रेसिडेन्सीआधी तीन महिने आयसीयूत आहे, नेमकं काय शिकू?

इंटर्नशिप संपली, मेडिसिनला जागा मिळाली. रेसिडेन्सी सुरू व्हायला तीन महिने आहेत, तेवढ्या काळासाठी एका आयसीयूत ज्युनिअर म्हणून रुजू झालेय. आज बारावा दिवस. आठव्या रात्री जे झालं त्यावरून हा धागा काढतेय.

न्यूमोनियाचा पेशंट, व्हेंटिलेटरवर. पहाटे तीनच्या सुमारास हाय प्रेशरचा अलार्म वाजला. मी काय केलं? अलार्म सायलेंट केला आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिले. सॅच्युरेशन 97 वरून 84 वर आलं तरी मी कुठला आकडा बदलावा याच विचारात. सिस्टरनी मला बाजूला केलं, सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) काढलं, बॅगिंग करून, म्हणजे हाताने फुगा दाबून श्वास देऊन पाहिलं. बॅग दाबली जाईना. सक्शन कॅथेटर घातला तर कफाचा घट्ट गोळा बाहेर आला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, आधी पेशंटकडे बघायचं, मग मशीनकडे." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे हेच परीक्षेत विचारलं असतं तर ट्यूब सरकली, ट्यूब तुंबली, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा), उपकरण बिघडलं अशी चारही कारणं मी क्रमाने लिहिली असती. डोक्यात होतं, हातात नव्हतं.

तर प्रश्न असे. एफसीसीएस किंवा बेसिकसारखा दोन दिवसांचा आयसीयूचा कोर्स आत्ताच करावा की थोडं काम करून मग? व्हेंटिलेटरचं जाडजूड पुस्तक आणलंय, पण मोड्सच्या (मशीन श्वास कसा देतं त्या पद्धतींच्या) नावांतच अडकलेय. बॅचमधला मित्र म्हणतो, किती सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतल्या नळ्या) टाकल्या ते मोज, बाकी सगळं रेसिडेन्सीत येतं. खरं आहे का? आणि रात्री बऱ्याचदा युनिटमध्ये मी एकटीच डॉक्टर असते, सिनिअर फोनवर. हे ठीक आहे की मीच घाबरट आहे?

प्रतिसाद – रात्रपाळी

घाबरट नाही. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. बारा दिवसांच्या माणसाला एकट्याने युनिट सांभाळायला देणं ही ट्रेनिंग नाही, रोस्टरमधलं भोक बुजवणं आहे. उद्याच सिनिअरकडे जा आणि कुठल्या परिस्थितीत न विचारता फोन करायचा ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं औषध) सुरू करावं लागलं, एफआयओटू (आत जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन) 60 टक्क्यांच्या वर न्यावा लागला, शुद्ध कमी झाली, लघवी थांबली, नातेवाईक चिडले. असा कागद असला की पहाटे तीनला 'उठवू की नको' हा वाद मनात चालत नाही. कागद द्यायला कुणी तयार नसेल, तर जागा बदला.

लाइन मोजणाऱ्या मित्राला माझा नमस्कार. लाइन टाकायला हात महिनाभरात बसतो. ती टाकायची गरज आहे का आणि काढायची वेळ झाली का, हे कळायला जास्त काळ लागतो.

पुस्तक सध्या मिटून ठेवा आणि मापायची टेप खिशात ठेवा. आयसीयूत सर्रास होणारी चूक म्हणजे टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) पेशंटच्या खऱ्या वजनावर लावणं. फुप्फुसं उंचीप्रमाणे असतात, पोटाच्या घेरासोबत वाढत नाहीत. बाई 160 सेंमी उंच आणि 80 किलोची असेल, तर उंचीवरून तिचं अपेक्षित वजन 45.5 अधिक 0.91 गुणिले 7.6, म्हणजे साधारण 52 किलो. (7.6 म्हणजे उंचीतून 152.4 वजा करून उरलेले; पुरुष असेल तर 45.5 ऐवजी 50.) किलोमागे 6 मिलीने 314 मिली होतात. खरं वजन धरलंत तर 480. कागदावर किरकोळ वाटतो हा फरक. एआरडीएसच्या (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन नीट न मिळणाऱ्या) पेशंटमध्ये किलोमागे 6 आणि 12 मिलीची तुलना 2000 साली प्रसिद्ध झाली, त्यात मृत्यूचं प्रमाण 31 विरुद्ध 39.8 टक्के निघालं. औषध एकही बदललं नव्हतं.

तुमच्या आठव्या रात्रीबद्दल. पेशंट स्थिर असताना, मुद्दाम दिवसा, इन्स्पिरेटरी होल्ड (आत गेलेली हवा क्षणभर थांबवणारं बटण) दाबायला शिका. पीक (हवा आत जातानाचा सर्वांत जास्त दाब) जास्त आणि प्लॅटो (हवा थांबवल्यावरचा दाब) ठीक असेल तर अडथळा वाटेत आहे: ट्यूब दुमडली, कफ, ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिका आवळणं). दोन्ही जास्त असतील तर फुप्फुस किंवा छाती ताठ झालीय: न्यूमोथोरॅक्स, पाणी, ट्यूब एकाच बाजूला गेलेली. रोज तीन पेशंटवर हे बघितलंत तर मोड्सची नावं आपोआप जागेवर बसतील. सॅच्युरेशन पडत असताना मात्र होल्ड-बिल्ड काही नाही. शंभर टक्के ऑक्सिजन, सर्किट काढा, बॅग हातात घ्या. बॅग जड लागते की हलकी, यातच अर्धं निदान असतं.

कोर्स चौथ्या-पाचव्या आठवड्यात करा. आत्ता केलात तर ती सगळी उत्तरं असतील, तुम्हाला मात्र अजून प्रश्नच पडलेले नसतील.

प्रतिसाद – सिरिंज पंप

मी आयसीयूत नर्स आहे. वरच्या सगळ्याला हो, फक्त एक भर. नवे डॉक्टर पंपाचा आकडा वाचतात, सिरिंजवरचं लेबल वाचत नाहीत. नॉरअ‍ॅड 4 मिग्रॅ 50 मिलीत असेल तर एका मिलीत 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम द्यायचं तर ताशी 4.5 मिली. हे गणित हाताने करा. हँडओव्हरला '4.5 वर चालू आहे' एवढंच सांगाल आणि पुढच्या पाळीत सिरिंज दुप्पट कडक भरलेली असेल, तर तोच 4.5 म्हणजे दुप्पट डोस. मायक्रोग्रॅममध्ये बोला. आणि सिरिंज संपत आली की दुसरी आधीच भरून तयार ठेवायची. बदलताना अर्धा मिनिट गेला तरी काहींचं बीपी कोसळतं.

एक सकाळ आमच्याबरोबर काढा. पेशंटला कूस कशी देतात, ट्रान्सड्यूसर (बीपी मोजणारा सेन्सर) कुठल्या पातळीला ठेवून झिरो करतात, सक्शन किती खोल. ट्रान्सड्यूसर खाली घसरला की बीपी खोटं चढतं आणि कुणीतरी नॉरअ‍ॅड कमी करून मोकळं होतं.

प्रतिसाद – कालचीच रेसिडेंट

मी अगदी हेच केलं होतं, म्हणून उलटं सांगते. तिन्ही महिने नको. शेवटचे तीन आठवडे सुट्टी घे, झोप काढ. रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी मी आधीच थकलेली होते. ते इन्स्पिरेटरी होल्ड वगैरे लक्षात होतं, पण कामावर जायचं नावच नको वाटायचं.

आणि राउंडच्या आधी प्रत्येक पेशंटसमोर उभं राहून फास्ट हग (इंग्रजी आद्याक्षरांची यादी) म्हण: फीड, वेदना, सेडेशन, गुठळ्यांचं औषध, डोक्याकडची बाजू वर, अल्सरचं औषध, साखर. बालिश वाटतं. मला त्याच्यामुळे दोनदा हेपॅरिन (तेच गुठळ्यांचं औषध) राहून गेलेलं सापडलं.

प्रतिसाद – रात्रपाळी

सुट्टीचं मान्य, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

थोडं अवांतर: 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी पुरेशी यंत्रं नव्हती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवलं, ट्रेकिओस्टोमी करा (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घाला) आणि हाताने बॅग दाबा. दाबायला कोण? वैद्यकीय विद्यार्थी, पाळ्या लावून, रात्रंदिवस. असे सुमारे 1500 जण झाले. त्यातूनच पुढे आयसीयू उभं राहिलं. त्यामुळे रेसिडेन्सी न झालेल्या माणसाचं इथे काय काम, असं कुणी म्हणालं तर ही गोष्ट सांगा. पण त्या पोरांनाही पहिल्या रात्री कुणीतरी बॅग कशी धरायची ते दाखवलं असणार.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कागद मागितला. सिनिअर आधी हसले, मग सात ओळी लिहून दिल्या, खाली सहीसुद्धा. काल रात्री दोनदा फोन केला, एकदा उगाचच. ओरडले नाहीत.

परवा पुन्हा तोच अलार्म वाजला. या वेळी आधी छातीकडे बघितलं. दोन्ही बाजू हलत होत्या, सॅच्युरेशन 96. मग सर्किट वाटेवाटेने तपासत गेले तर खालच्या वळणात पाणी साचलेलं. काढून टाकलं, अलार्म थांबला. सिस्टर काही बोलल्या नाहीत, ग्लोव्हचा बॉक्स पुढे सरकवला.

एक शंका राहिली. दम्याच्या पेशंटचं ऑटो-पीप (श्वास सोडल्यावरही आत अडकलेल्या हवेचा दाब) मोजायला एक्स्पिरेटरी होल्ड दाबते, पण आकडा स्थिरच राहत नाही. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद – रात्रपाळी

पेशंट स्वतः श्वास ओढत असणार. अशा वेळी त्या आकड्यावर विसंबू नका, फ्लोचा आलेख बघा. पुढचा श्वास सुरू होण्याआधी रेघ शून्यावर परत येत नसेल, तर हवा आत अडकतेय. श्वासांचा दर कमी करा, बाहेर पडायला वेळ द्या. बीपी अचानक पडलं तर सर्किट सोडवून छाती रिकामी होऊ द्या, आणि मला नाही, तुमच्या सिनिअरना फोन करा.