मदत हवी आहे: ‘चार्ज’चे इतके अर्थ मुलीला कसे समजावू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. इंग्रजी आपलं कामापुरतं. मुलगी आठवीला, सेमी इंग्रजीत.

परवा तिनं विचारलं, “पप्पा, चार्ज म्हणजे नेमकं काय?” मोबाईल हातातच होता, म्हटलं, बॅटरी भरणं. तर एका दमात सुरू: मग लाठीचार्ज? चार्जशीट? नव्या साहेबांनी चार्ज घेतला, तो? विज्ञानाच्या पुस्तकातला निगेटिव्ह चार्ज? मी गारच.

मग शब्दकोश धरून मुळापर्यंत गेलो. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर ओझं लादणं, आणि तेच फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. ‘कार्गो’ही त्याच घरातला. वाचलं आणि मला आमचं यार्डच दिसलं. गाडीत पोती चढली की मागोमाग पट्टीवर हमाली, तोलाई चढते. ओझं आणि पैसे एकाच शब्दात कसे, ते तिथं उमगलं. लाईटबिलात ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ लिहितात, तेही चार्जच. पदाचा तो कार्यभार, विजेचा तो विद्युतभार. आपल्या लोकांनी ‘भार’ शब्द अगदी नेमका उचललाय (हे भाषांतर करणाऱ्याला माझा नमस्कार).

अडलंय दोन ठिकाणी. लाठीचार्जमध्ये ओझं कुठं आलं? बंदुकीत बार भरतात त्यालाही चार्ज म्हणतात, तिथून आलं असेल का? दुसरं, ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यात फरक काय? पेपरात तिचं हेच चुकलंय.

प्रतिसाद १
दादा, मी मिरजेचा, निवृत्त शिक्षक. दुसरं आधी. ‘टीचर इज इन चार्ज ऑफ द क्लास’ म्हणजे वर्ग बाईंच्या हाताखाली. ‘क्लास इज इन द चार्ज ऑफ द टीचर’ म्हणजेही तेच, फक्त सुरुवात वर्गापासून. ‘द’ असला की आधी येतो तो सांभाळला जाणारा, नसला की सांभाळणारा. ‘द’ खाल्ला तर वर्गच बाईंना सांभाळायला लागतो!

लाठीचार्जचं म्हणाल तर कोशकारही बहुधा हत्यार भरण्याकडेच बोट दाखवतात. पण मुलीला एवढं सांगायची गरज नाही. उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पोती चढतात, हमाली चढते. हल्ला आपण काय करतो? चढवतो. चार्जशीटमधल्या ‘आरोप’ शब्दाचं संस्कृत मूळही वर चढवणं हेच.

धागाकर्ता
सर, लाख मोलाचं सांगितलंत. रात्री जेवताना तिला सांगितलं. आजी गेल्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी आलीय. तिच्याकडं बघून पोरगी म्हणते, “म्हणजे डिस्चार्ज म्हणजे आजीला गाडीतनं उतरवलं?”

आता याचं काय सांगू?

प्रतिसाद २
बरोबर आहे म्हणा. मूळ अर्थ ओझं उतरवणं हाच आहे. फक्त आजींना ऐकू देऊ नका.